यमूसाठी केलेलं जड चाक

दिवाळी अंकाचे संपादक माझ्या ओटीवर बसून चहा प्याले. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या धंद्याबद्दल लिहा." मी म्हटलं, "अहो, बैल गेले, गाड्या गेल्या, धंदा केव्हाच बसला. आता लिहू काय, कपाळ?" तर म्हणाले, "म्हणूनच लिहा." सुताराला गप्पा मारायला सांगा, पटाशीनं लाकडावर वेल कोरायला सांगा. कागदावर लिही म्हटलं की त्याला घाम फुटतो. तेव्हा मी बोलतो तसंच लिहिलंय. पसंत पडलं तर छापा, नाहीतर अभ्यंगस्नानाचं पाणी तापवायला घ्या.

मी गणपत सुतार. पनवेलला गाडीची चाकं करायचो. पलंग, पाट, देव्हारे करणारे सुतार वेगळे. ते चांगले कारागीर, माझं काही म्हणणं नाही, पण त्यांचं काम एका जागी बसून राहतं. आमच्या कामाला रस्ता असतो. पनवेलचं चाक म्हटलं की त्या काळी घाटावरचा गाडीवानसुद्धा मान डोलवायचा. पुण्याकडून माल घेऊन आलेल्या गाड्या पळस्प्याला बैल सोडायच्या आणि गाडीवान आमच्या गल्लीत चाकं बघत फिरायचे, बायका साड्या बघतात तसे.

चाक म्हणजे नुसती एक गोल वस्तू असं तुम्हाला वाटत असेल. नाही हो. मधे बाभळीचा तुंबा, म्हणजे ज्याच्यातून गाडीचा आख जातो तो गाभा. तो चांगला वाळलेला हवा, ओल राहिली की चाकाचा घात. त्या तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर बाहेरचा लाकडी घेर बसवायचा. आणि मग लोखंडी धाव, म्हणजे घेरावर बसणारं कडं. ती घेरापेक्षा अंमळ लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, लाल झाली की वाढते, तशीच चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची आणि बदाबदा पाणी ओतायचं. धाव आवळते, सगळे सांधे कडाकडा वाजत घट्ट होतात, आणि धुराच्या लोटात चाक एकजीव होतं. धाव चढवायची असली की अर्धी गल्ली बघायला उभी राहायची. माझ्या आयुष्यात याच्याहून मोठा तमाशा मी पाहिलेला नाही.

चाक झालं की त्याची परीक्षा. आखावर घालायचं, वंगण लावायचं आणि एका बोटानं ढकलायचं. मग मी निवांत विडी पेटवायचो. विडी संपली तरी चाक फिरत असलं तर ते गणपत मिस्त्रीचं चाक. थांबलं तर पुन्हा खोलायचं. माझा सगळा तोरा त्या एका गोष्टीत होता. हलकं चाक!

आपट्याचे रामभाऊ म्हणून एक गिऱ्हाईक होते, गाड्यांच्या शर्यतीचा नाद. त्यांना चाक इतकं हलकं लागायचं की एकदा म्हणाले, "मिस्त्री, बैलांना कळताच कामा नये की मागं काही आहे." मी म्हटलं, "रामभाऊ, मग गाडी घरीच ठेवा की!" ते रागावून गेले आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले, कारण तसं चाक दुसरीकडे मिळणार नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगतो असं समजा. बढाईच आहे.

आता खरी गोष्ट. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी आमची यमुना झाली. यमू. बाळंतपण अडलं होतं, पोर निळी पडली होती, रडायलासुद्धा बराच वेळ लावला. पण जगली. आम्ही खूश. मग शेजारची पोरं पालथी पडली, बसायला लागली, यमू आपली उताणी. मान धरीना. पाय कात्रीसारखे एकावर एक आवळून घ्यायची. हात धरायला गेलं की मुठी घट्ट. बोलायची वेळ आली तेव्हा शब्द तोंडातून यायला इतका वेळ लागायचा की समोरचा माणूस कंटाळून निघून जायचा.

गल्लीतल्या बायकांनी लगेच निकाल दिला. पार्वतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दिवस गेलेले असताना ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. ती बिचारी आधीच अर्धी झाली होती, त्यात हे. एक दिवस हळदीकुंकवाहून रडत घरी आली. मी उठलो, ओटीवर गेलो आणि समोरच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चिरलं असेल तर मी चिरलंय! लाकूड चिरणं हाच माझा धंदा आहे. त्या दिवशीही चिरलं, आजही चिरतोय, कुणाला काय म्हणायचंय ते मला म्हणा!" पार्वती आतून म्हणाली, "अहो, पुरे." पण त्या रात्री ती जेवली. माझे चुलते म्हणाले, पोरीला एखाद्या देवस्थानी सोडून ये, देव बघून घेईल. मी त्यांना म्हटलं, देवाला त्याची कामं आहेत, पोर माझी आहे. पुढे दोन वर्षं ते आमच्याकडे आले नाहीत, आमचंही काही अडलं नाही.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेली. एक डॉक्टरीणबाई होत्या, म्हाताऱ्या, बोलायला तुटक पण माणूस लाख. त्यांनी यमूला नीट तपासलं, तिच्याशी गप्पा मारल्या, तिला हसवलं. मग आम्हाला म्हणाल्या, "जन्मताना मेंदूला इजा झालीय. हातापायांना निरोप नीट पोचत नाही. पण बुद्धी शाबूत आहे. तुमच्यापेक्षा जास्तच असेल." मी विचारलं, औषध? म्हणाल्या, "औषध नाही. रोज अंग चोळा, सांधे मोकळे करा, बसवा, उभी करा. आणि मुख्य म्हणजे हिला बाहुलीसारखी उचलून ठेवू नका. पोरीसारखी वाढवा." पार्वतीनं ते शब्द गाठीला बांधले. परत येताना मोटारीत मी डोळे पुसत होतो आणि ती पदर खोचून विचार करत होती. आमच्या घरात असंच चालतं.

पोरीसारखी वाढवा म्हणणं सोपं. तुम्हाला सांगतो, बैलगाडी करणं सोपं, बैलगाडीला घाट चढवणं सोपं, पण आखडलेलं पोर जेवायला बसवणं म्हणजे परीक्षा. मांडीवर घेतली की धनुष्यासारखी ताठ व्हायची आणि वाटी उडायची. मग मी तिच्या मापाची खुर्ची केली. पाठ सरळ, दोन मांड्यांच्या मधे एक लाकडी खुंटी, म्हणजे पाय एकावर एक जाणार नाहीत. पुढे फळी, छातीशी मऊ पट्टा. पहिल्यांदा बसवली तेव्हा तिनं सगळीकडे मान फिरवून पाहिलं. तोवर बिचारीनं जग उताणंच पाहिलेलं! आमचं छप्पर तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

चमचा तिच्या मुठीत राहीना. बारीक दांडी, निसटायची. एक दिवस काम करताना माझ्या हातातल्या पटाशीच्या मुठीकडे लक्ष गेलं. जाड, पोटात फुगीर, घाम आला तरी न सुटणारी. पटाशीचं पातं काढलं, मुठीत चमचा ठोकून बसवला, दांडी जरा वाकवली. यमूनं पहिला घास कानात घातला, दुसरा नाकाला, आणि तिसरा तोंडात. मी ओरडलोच! पार्वती म्हणाली, "ओरडू नका, दचकते ती." आणि स्वतःच रडायला लागली. सगळं घर आमटीनं माखलं होतं. एवढी चांगली आमटी मी पुन्हा खाल्ली नाही.

सकाळी पार्वती कोमट तेलानं तिचे पाय चोळायची, गुडघे मोकळे करायची. दुखायचं, पोर किंचाळायची. शेजारचे म्हणायचे, कसली कैदाशीण आई आहे! पार्वती दात आवळून चोळत राहायची. दिवसभर मात्र यमू माझ्याकडे, कारखान्यात. कारखाना म्हणजे आपली पत्र्याची शेड. तिथं ती खुर्चीत नाहीतर भुशात. भुसा मऊ, पडली तरी लागत नाही. हळूहळू ती ढोपरांवर सरकायला लागली, लाकडांच्या थप्पीवर पाठमोरी बसत बसत वर चढायला लागली. कशाला? तर धाव चढवताना नीट दिसावं म्हणून! लाल धावेवर पाणी पडून 'चर्रर्र' झालं की ही थप्पीवरून खिदळायची. लोहार म्हणायचा, "मिस्त्री, मालकीणबाई खूश हायत आज."

सहाव्या वर्षी पार्वती म्हणाली, "आता हिला चालायला हवं." मी म्हटलं, "एवढंच ना? चाकवाल्याच्या घरी पांगुळगाडा करायला किती वेळ!" पांगुळगाडा तुम्हाला माहीत असेल, पहिली पावलं टाकणाऱ्या पोरासाठी तीन चाकांचा लाकडी गाडा, धरून ढकलत चालायचं. मी ठरवलं, पनवेलमधे कुणी पाहिला नसेल असा गाडा करायचा. यमूच्या उंचीचा. साग वापरला. मुठी पटाशीच्या. चाकं तर काय विचारता! रामभाऊंच्या शर्यतीच्या गाडीला केली असती तशी. बोटानं ढकललं, विडी पेटवली, विडी संपली, चाक फिरतंय. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

गल्ली जमली. यमूला उभी केली, तिनं मुठी घट्ट धरल्या, अंग पुढे टाकलं आणि गाडा सुसाट! गाडा समोरच्या ओट्याला जाऊन धडकला आणि यमू तोंडावर. हनुवटी फुटली. रक्त बघून मला काही सुचेना. पार्वतीनं तिला उचललं, हळद दाबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "लेकीला चालायला केलात की शर्यतीला?"

मला राग आला. तिचा नाही, गाड्याचा. रात्रभर उलटापालटा करून पाहिला, काही चूक सापडेना. चाकं तर अप्रतिम होती. दोन दिवसांनी पुन्हा उभी केली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी यमूनं गाड्याला हातच लावायला नकार दिला. "न-को," म्हणाली. एकदा भीती बसली की संपलं. पोर जन्मभर भुशात सरकत राहणार, आणि आम्ही दोघं गेल्यावर तिला कोण उचलणार?

त्याच आठवड्यात नाथा पाटील आला. खाडीकडच्या गावचा आगरी माणूस, मिठागरावर काम. बांधावरून मीठ न्यायला मी त्याला एक लहान हातगाडी करून दिली होती. ती ओढत, शिव्या देत आला. "मिस्त्री, ही काय गाडी दिली तुमी? ढकलतोय त ढकलतोय, पुढं जातच नाय!" पाहिलं तर तुंब्यात मीठ गच्च भरलेलं, आखाला गंज, वंगणाचा पत्ता नाही. मी भडकलो. म्हटलं, "नाथा, चाक आहे ते, लोणच्याची बरणी नाही! वंगण कधी घातलं होतंस?" तो म्हणाला, "वंगान? आमी कुठं घालतो? मिठाला वास लागल ना!" आमची चांगली जुंपली. दोघांचेही आवाज शेजारी ऐकू जात होते.

आणि मागून काहीतरी करकरलं. वळून बघतो तर यमू त्या हातगाडीची दांडी धरून उभी. भुशातून सरकत गेली होती, दांडीला लोंबकळून उठली होती. तिनं ढकललं, गाडी करकरत वीतभर सरकली आणि थांबली. हिचा पाय मागून आला. पुन्हा ढकललं. पुन्हा वीतभर. ती थांबली की गाडी थांबायची, तिची वाट बघत उभी राहायची. पडायला वेळच नाही!

नाथाचं तोंड उघडं ते उघडंच. माझ्या तर डोक्यात कुणी हातोडा घातला असं झालं. जन्मभर मी एकच गोष्ट शिकलो होतो, चाक पळालं पाहिजे. बैलाला हलकं चाक लागतं. माझ्या पोरीला न पळणारं लागत होतं! पनवेलातला कुठलाही ऐरागैरा सुतार तसं वाईट चाक सहज करून देऊ शकला असता, आणि मी मात्र चांगलं चाक करून तिला पाडत होतो.

नाथा हळूच म्हणाला, "आता ही गाडी दुरुस्त करू नका, मिस्त्री. ऱ्हाऊ दे तिच्याकडं." मी म्हटलं, "आणि तुझं मीठ?" म्हणाला, "डोकी हायत ना आमची. नेऊ की टोपल्यांनी." अर्ध्या मिनिटापूर्वी आम्ही भांडत होतो हो! अशी माणसं.

मग मी जड चाक करायला बसलो. तुम्हाला गंमत वाटेल, पण वाईट चाक मुद्दाम करणं महाकठीण. हात ऐकत नाही. रंधा आपोआप गुळगुळीत करतो. तुंब्याचं भोक आवळ ठेवलं, दोन्ही बाजूंना चामड्याच्या जाड चकत्या दाबून बसवल्या, वंगण अजिबात नाही. पांगुळगाड्याच्या तळाशी पेटी करून तिच्यात वाळू भरली, म्हणजे गाडा उलटणार नाही. यमूच्या पायात जोर येईल तशी चकती थोडी सैल करायची. गाडा गल्लीतून निघाला की असा करकरायचा, असा करकरायचा, की कुत्री भुंकायची. गल्लीतले इतर चाकवाले मिशीत हसायचे. एकदा रामभाऊंनी तो आवाज ऐकला आणि चपापून म्हणाले, "मिस्त्री, हे तुमच्याकडचं चाक?" मी छाती काढून म्हटलं, "माझंच. आजवरचं सगळ्यात चांगलं." ते बराच वेळ माझ्याकडे काळजीनं बघत होते. पुढची जोडी त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतली, आणि शर्यत हरले. यात माझा काही हात नाही, पण मला वाईट वाटलं असंही नाही.

गाडा करकरत होता आणि यमू चालत होती. पाय वाकडे, अंग झोकांड्या खाणारं, पण चालत होती.

आता इसाजी मास्तर. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे, बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. मास्तर शाळेत पहिलीला शिकवायचे. शाळेची मोडकी बाकं माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन यायचे आणि यमूशी गप्पा मारत बसायचे. ती शब्द पुरा करेपर्यंत शांत थांबणारा बाहेरचा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पाटीवरची पेन्सिल तिला धरता येईना, म्हणून त्यांनी भुसा सपाट केला आणि मुठीनं अक्षरं काढायला शिकवलं. एवढा मोठा 'ग', पंगतीच्या पाटाएवढा! थोड्याच दिवसांत ती माझ्या लाकडांवर खडूनं लिहिलेली गिऱ्हाइकांची नावं वाचायला लागली.

मास्तर म्हणाले, "गणपतराव, हिला शाळेत घाला." मी हेडमास्तरांकडे गेलो. ते वाईट नव्हते, पण नियमाचे. म्हणाले, "मिस्त्री, माझ्याकडे एकेका वर्गात साठ पोरं. हिला उचलायला, बसवायला माणूस कुठून आणू? स्वतःच्या पायांनी वर्गात येऊन बसली तर दसऱ्याला नाव घालतो." म्हणजे सभ्य भाषेत नाही. मी मान खाली घालून परत आलो. पार्वती म्हणाली, "खाली का बघता? त्यांनी नाही कुठं म्हटलंय? दसऱ्याला म्हटलंय."

तेव्हापासून रोज संध्याकाळी घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत गाडा करकरायचा. पार्वती मागे चालायची, हात पाठीमागे बांधून, पडली तरी उचलायचं नाही. लोक दारात येऊन बघायचे. आधी कीव करत होते, मग पैजा लावायला लागले, आणि शेवटी शेवटी आमच्या समोरच्या त्याच काकू ओरडायच्या, "यमे, कंबर सरळ!"

दसरा उजाडला. आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात, करवत, पटाश्या, रंधे सगळं पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं. दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, वर्षभर राबतात, त्यांनाही सण. यमूला नवा फ्रॉक, केसांत झेंडू. निघालो. गल्ली पार, रस्ता पार, फाटकातून आत. शाळेच्या अंगणात पाटीपूजनाला आलेली पोरं, आईबाप, व्हरांड्यात हेडमास्तर आणि इसाजी मास्तर. गाडा करकरत अंगण पार करून गेला आणि थांबला.

समोर पायऱ्या.

व्हरांड्याला चढायच्या दगडी पायऱ्या. आता तुम्ही म्हणाल, मिस्त्री, तुम्हाला ठाऊक नव्हत्या का? अहो, बाकं खांद्यावर घेऊन मी त्या पायऱ्या कितीदा चढलो होतो! पण गाडीवाल्याच्या डोक्यात रस्ता असतो. चढ असतो, उतार असतो, खड्डा असतो. पायरी नसते. मी गाडा रस्त्यासाठी केला आणि रस्त्यासाठीच पोरगी तयार केली. दोन फळ्या ठोकल्या असत्या तर काम झालं असतं, आणि माझी हत्यारं घरी फुलांत बसलेली. म्हटलं, सण गेला खड्ड्यात, पळत जातो, उचलतो करवत. मी वळलो तर पार्वतीनं माझी बाही धरली. "थांबा," म्हणाली. "तिच्याकडे बघा."

यमूनं गाड्याच्या मुठी सोडल्या. सावकाश खाली बसली. पायऱ्यांकडे पाठ केली, कोपरं मागच्या पायरीवर टेकली, टाचा रोवल्या आणि अंग वर ओढलं. एक पायरी. नव्या फ्रॉकचा चुथडा. झेंडू खाली पडला. एक पोरगं फिदीफिदी हसलं, त्याच्या आईनं त्याला धपाटा घातला. इसाजी मास्तरांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते, चुकून मदत होऊ नये म्हणून. दुसरी पायरी. तिसरीला ती घसरली, पुन्हा खाली. मला वाटलं आता रडणार. ती रडली नाही. मला मात्र काही दिसेनासं झालं होतं. पुन्हा कोपरं, पुन्हा टाचा. वर पोचली तशी ढोपरांवर वळली, व्हरांडा ओलांडून पहिलीच्या वर्गात गेली आणि पुढच्या बसकरपट्टीवर, बरोबर मास्तरांच्या टेबलासमोर, बसकण मारली.

हेडमास्तर तिच्या मागोमाग दारात गेले. आम्ही खिडकीशी. त्यांचाही चेहरा हलला होता, पण नियमाचा माणूस. घसा खाकरून म्हणाले, "बाळ, मी स्वतःच्या पायांनी ये म्हटलं होतं."

यमूनं वर पाहिलं. मान डुलत होती, तोंड वेडंवाकडं होत होतं. मला शब्द आधीच कळला.

"पाय," ती म्हणाली, "आणलेत... की... बरोबर."

आधी इसाजी मास्तर हसले. मग हेडमास्तर. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "आणलेत बाई, आणलेत. बसा."

दसरा उलटल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्या पायऱ्यांवर लाकडी उतार बसवला, हेडमास्तरांनी स्वतः फळ्या धरल्या. यमू त्या शाळेत शिकली, पुढे मॅट्रिक झाली, आज मुलींना शिकवण्या घेते आणि तिच्या ओट्यावर चपलांचा ढीग असतो. इसाजी मास्तर काही वर्षांनी बायकोमुलांसह इस्राएलला गेले. निरोप द्यायला आम्ही सगळे गेलो होतो, मी तर पोरासारखा रडलो. ट्रक आले, रबरी टायर आले, आमची शेड बंद झाली. धाव चढवण्याचा तो आवाज पनवेलात आता कुणाला आठवतही नसेल, याचं वाईट वाटतं. पण त्या दसऱ्याचं एक सांगायचं राहिलंच.

हेडमास्तर गेले आणि इसाजी मास्तर हजेरी घ्यायला बसले. नवी पोरं एकेक उठून आपलं नाव सांगत होती, पटापट, रेल्वेच्या डब्यांसारखी. यमूची पाळी आली. मास्तर म्हणाले, "नाव सांग. पूर्ण." मी खिडकीच्या गजांना धरून उभा. म्हटलं, मास्तर, कशाला हो, तुम्हाला ठाऊक आहे की!

"य," यमू म्हणाली. मग थांबली. ओठ जुळवले. "यमु... ना."

मागची दोन पोरं चुळबुळली. मास्तरांनी नुसतं बोट ओठावर ठेवलं. वर्ग शांत झाला. अख्खा वर्ग, साठ पोरं, माझ्या पोरीचा पुढचा शब्द येण्याची वाट बघत बसली. घरात मला ती 'बा' म्हणायची, 'बाबा'मधलं तेवढंच तिला जमायचं. आता तिच्या कपाळावर शीर फुगली, मुठी आवळल्या, आणि एकेक अक्षर ओढून काढत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिनं माझं नाव घेतलं.

"ग... ण... पत."